‘सीलपॅक’ ट्रान्समीटर घेताय? आधी अँटेना मोजा

नागपुरात रिमोटच्या विमानासाठी स्वस्तातला ट्रान्समीटर (हातात धरायचा रिमोट) शोधणाऱ्यांनी हे वाचाच, विशेषतः पोरांसाठी घेणाऱ्या आईबापांनी. जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत फ्लायस्काय एफएस-आय६ ‘सीलपॅक, कॉलेज प्रोजेक्टसाठी घेतला होता, वापरलाच नाही’ असं सांगून विकला जातोय. त्यातलाच एक आमच्या गळ्यात पडला.

माझ्या भाच्याने सनबोर्डचं विमान बनवलं होतं. रिसीव्हरसकट (विमानात बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) नवा सेट पाच हजारांच्या आसपास पडतो, हा ३,२०० ला मिळत होता. बर्डीला मेट्रो स्टेशनखाली एक मुलगा घेऊन आला. बोलायला गोड. “काका, चालू करून पाहून घ्या ना, मग द्या पैसे.” त्यानेच चार सेल टाकले, स्क्रीन लागली, स्टिक हलवली की सर्वो (विमानाच्या हलत्या पट्ट्या वळवणारी छोटी मोटर) हलत होता. लबाडी नेमकी इथेच आहे. हातभर अंतरावर तुटक्या अँटेनाचा सेटही नव्यासारखाच चालतो.

सोनेगावच्या विमानतळामुळे शहरात उडवायचा विचारही करू नये. म्हणून उमरेड रोडला ओळखीच्यांच्या वावरात गेलो, सोयाबीन निघालेलं होतं. प्रोपेलर काढला, भाचा विमान धरून उभा राहिला आणि मी ट्रान्समीटर घेऊन मागे मागे सरकत गेलो. पंचवीस-तीस पावलांवर सर्वो अडखळायला लागला, जरा पुढे गेलो तर ठप्प. चांगला सेट मोकळ्या जागी काही शे मीटर सहज धरतो.

घरी येऊन रिसीव्हर नीट पाहिला. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर असते. रिसीव्हरच्या अँटेनाचं उघडं टोक तिच्या पाव भागाएवढं, म्हणजे ३१ मिलिमीटरच्या आसपास लागतं. आमच्या रिसीव्हरची दोन्ही टोकं अर्ध्यावर तुटलेली होती, वरून काळी नळी चढवून झाकलेली. ट्रान्समीटर उघडला तर अँटेनाची बारीक वायर सोल्डरपाशी तुटलेली, नुसती गोंदाने चिकटवलेली. स्क्रूंची डोकी झिजलेली. स्टिकला हात न लावताही डिस्प्लेवरच्या चॅनेलच्या पट्ट्या थरथरत होत्या, म्हणजे स्टिकची हालचाल मोजणारे आतले पॉट झिजलेले. खोक्यावर प्लास्टिक चढवून सील करणं तर कोणालाही जमतं.

फोन केला तेव्हा “तुम्हीच तोडलं असेल” म्हणाला, मग ब्लॉक. काही दिवसांनी तेच फोटो दुसऱ्या नावाने पुन्हा जाहिरातीत आले. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण संताप वेगळ्या गोष्टीचा येतो. हे विमान तसंच उडवलं असतं, तर फिरत्या प्रोपेलरसकट ते कुठल्याही पोराच्या अंगावर गेलं असतं. विकणाऱ्याला हे कळत नव्हतं असं मी मानायला तयार नाही.

त्यामुळे जुना सेट घ्यायचाच असेल तर भेट मोकळ्या मैदानावर ठरवा. स्वतःचा सर्वो आणि बॅटरी घेऊन जा, विकणाऱ्याच्या हातात रिसीव्हर द्या आणि तुम्ही लांब चालत जा. तो नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. अँटेना मोजायला खिशात पट्टी ठेवा. रिसीव्हरवर आयए६बी लिहिलंय की नुसतं आयए६ तेही वाचा, कारण जाहिरातीत पहिला दाखवून दुसरा देतात, आणि आयए६ वर आयबस, म्हणजे एकाच वायरीतून सगळे चॅनेल नेणारी जोडणी, नसते. नंतर विमानात बसवल्यावर, प्रोपेलर काढूनच, मोटर फिरत असताना ट्रान्समीटर बंद करून बघा. मोटर थांबली नाही तर फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटर थांबवणारी सोय) लावलेला नाही. थोडे जास्त पैसे जमत असतील तर हॉल सेन्सरच्या (चुंबकाने हालचाल ओळखणाऱ्या) स्टिक असलेला रेडिओमास्टर पॉकेट हा ट्रान्समीटर नवा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात घासून झिजणारे पॉट नसतात. फक्त रिसीव्हर त्याच्याच प्रोटोकॉलचा, म्हणजे सिग्नलची तीच भाषा समजणारा हवा, फ्लायस्कायचा जुना रिसीव्हर त्याच्याशी जोडला जाईल हे गृहीत धरू नका.

कोणी फसलंच असेल तर जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक पुसू नका, आणि सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर लगेच फोन करा. दुकानातून घेतला असेल आणि दुकानदार हात वर करत असेल, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.