शरदातली पेरणी: बी थेट कुंडीत टाकावे की आधी रोपे करावीत?

ठाणे आणि नवी मुंबईतून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो. त्यानंतरचे काही आठवडे मात्र दुपारचे तापमान ३३ ते ३५ अंशांपर्यंत जाते, म्हणून बी थेट कुंडीत पेरायचे की ट्रेमध्ये रोपे करून मग लावायची, हे बियांचे पुडके फोडण्याआधी ठरवलेले बरे.

मुळा आणि गाजर यांच्याबाबत निवडीला वावच नाही. आपण खातो ते त्यांचे सोटमूळ, आणि रोप हलवताना ते दुखावले की गाजराला फाटे फुटतात. पालेभाज्याही थेटच पेराव्यात, कारण त्या दाट हव्या असतात. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. धण्याच्या प्रत्येक दाण्यात दोन बिया असल्याने तो तळहाताखाली हलकेच रगडून, दोन डाळी वेगळ्या करून पेरावा आणि आठ-दहा दिवस माती उकरून पाहू नये. कडक उष्म्यात कोथिंबीर आणि पालक नीट उगवत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबणे श्रेयस्कर.

टोमॅटो, वांगी, मिरची आणि फुलकोबी यांच्यासाठी मात्र मी निःसंशय ट्रेच सुचवेन. मातीने भरलेली मोठी कुंडी उन्हातून सरकवता येत नाही, ट्रे सहज सरकतो. शिवाय ऑक्टोबरमध्ये पेरलेले टोमॅटोचे रोप चार-पाच आठवड्यांनी, हवा निवळल्यावर कुंडीत जाते. मिरचीला थोडा अधिक वेळ लागतो. ट्रेमधला खरा धोका अतिपाण्याचा आहे: ट्रेमध्ये भरलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सतत ओलेचिंब राहिले की बुरशीमुळे कोवळी रोपे मातीलगत बारीक होऊन कोलमडतात. वरचा थर सुकू लागल्यावरच पाणी द्यावे.

फुलांमध्ये झेंडूला दोन्ही पद्धती मानवतात. झिनिया, कॉसमॉस आणि सूर्यफूल थेट पेरावेत. पिटुनियाचे बी धुळीइतके बारीक असते आणि उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून ते ट्रेमध्ये नुसते पसरून त्यावर माती न घालता पाणी फवारावे.

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या उंच इमारतींत कबुतरांचाही विचार करावा लागतो; नुकतीच पेरलेली कुंडी ती हमखास उकरतात. थेट पेरायचे असेल, तर उगवण होईपर्यंत कुंडीवर जाळी ताणून बांधावी. जागा निवडताना हेही ध्यानात घ्यावे की हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येते, तर उत्तरेच्या गॅलरीत ते जवळपास पोहोचतच नाही आणि तिथे टोमॅटो कोणत्याही पद्धतीने लावला तरी फळ धरण्याची आशा फारशी नसते.

एक-दोनच कुंड्या असतील, तर टोमॅटो-मिरचीची तयार रोपे नर्सरीतून आणणे अधिक शहाणपणाचे आहे. निवडताना पाने उलटून पाहावीत. खाली पांढरी माशी असेल किंवा शेंडा आकसलेला असेल, तर ते रोप घेऊ नये.