इसेचा लाकडी बेडूक: नेत्सुके नऊ महिने वापरल्यानंतर

नागोयात दर शनिवारी चहाविधीच्या वर्गाला किमोनो घालून जातो. किमोनोला खिसे नसतात. किल्ली, सुटे पैसे, ट्रेनचं कार्ड बाहीत ठेवलं तर चहा घुसळताना बाही लोंबते. एदो काळातल्या (1603 ते 1868) लोकांनी यावर काढलेली तोड म्हणजे नेत्सुके. बटव्याची दोरी ओबीच्या, म्हणजे कमरपट्ट्याच्या, मागून वर काढायची आणि तिच्या टोकाला एक छोटं कोरीव शिल्प बांधायचं. ते ओबीच्या वरच्या काठावर अडकतं, बटवा खाली लटकतो. दोरीत ओजिमे नावाचा मणी असतो. तो खाली सरकवला की बटव्याचं तोंड आवळतं.

माझी पहिली खरेदी चुकली होती. ऑनलाइन घेतलेला ड्रॅगन फोटोत देखणा होता, पण निघाला साच्यातून काढलेल्या राळेचा. पोटावर साच्याची रेघ, शिंगं आणि मिशा बाहेर आलेल्या. तिसऱ्या शनिवारी त्या मिशीत बाहीचा धागा अडकला आणि ओढला गेला. कोरीव काम बारीक असलं म्हणजे नेत्सुके चांगलं, हा माझा समज तिथेच गेला.

मग मिए प्रांतातल्या इसेला गेलो. तिथल्या मोठ्या देवस्थानाच्या यात्रेकरूंमुळे नेत्सुके कोरण्याची कला या गावात रुजली आणि आजही तिथे कारागीर आहेत. ते असामा डोंगरावरचं त्सुगे लाकूड वापरतात. जपानात कंगवे आणि सही-शिक्के याच जातीच्या लाकडाचे करतात. झाड फार सावकाश वाढतं, म्हणून लाकूड घट्ट आणि रेषा इतक्या बारीक की पापणीसुद्धा कोरता येते. मी बेडूक घेतला. जपानीत बेडकाला ‘काएरू’ म्हणतात आणि ‘परत येणं’ यालाही ‘काएरू’च, म्हणून प्रवासाला निघणाऱ्याने तो जवळ ठेवायचा. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

वापरताना कळलं की या बेडकाची बसण्याची ढबच कामासाठी ठरवलेली आहे. पाय पोटाशी घेतलेले, बोटं अंगाला चिकटलेली, डोकं खाली. कुठेही काही अडकत नाही, टोचत नाही, आणि तरी आता उडी मारेल असं वाटतं. पोटाखाली दोरीची दोन भोकं आहेत. त्यातलं एक मोठं, कारण दोरीची गाठ त्याच्या आत लपते. ती भोकं अशा जागी आहेत की ओबीवर बसल्यावर बेडकाचं तोंड बाहेरच राहतं. माझ्या ड्रॅगनचं तोंड सतत पोटाकडे वळायचं.

नऊ महिन्यांत पाठीचा रंग फिक्या पिवळ्यावरून मधासारखा झालाय. तेल लावलेलं नाही, नुसता अंगठ्याचा स्पर्श. वापराने आलेल्या या झळाळीला जपानी लोक ‘नारे’ म्हणतात आणि जाणकार ती आवर्जून बघतात. क्योतोच्या मिबू भागात, जुन्या सामुराई घरात, 2007 साली सुरू झालेलं नेत्सुके संग्रहालय आहे. तिथली कामं माझ्या बेडकापेक्षा कितीतरी श्रेष्ठ, पण काचेआड. हातात घेतल्याशिवाय नेत्सुके अर्धंच दिसतं असं मला मनापासून वाटतं.

जीन्सच्या पट्ट्यावरही लावून पाहिलं. चालतं, पण चामड्यावरून दोरी घसरते आणि खाली बसताना बटवा मांडीखाली येतो. ओबीची सर नाही.

जुनं नेत्सुके घेणार असाल तर हस्तिदंताचं घेऊ नका. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1990 पासून बंदी आहे, भारतात आणायचा तर विचारच नको. लाकूड, हरणाचं शिंग, बांबू यांतही उत्तम कामं मिळतात.

दोरीकडे मात्र लक्ष ठेवा. माझी सहाव्या महिन्यात भोकाच्या कडेला विरली होती आणि बेडूक चालत्या जिन्यावर पडता पडता वाचला. आता रेशमी दोरी ओवली आहे आणि दर महिन्याला गाठ बाहेर काढून बघतो.