तपकीर गल्लीतला १२० रुपयांचा ओटीजी

सासूबाईंचा फोन मोरीत पडला. स्क्रीन दिसायची, पण बोट लागेना. पॅटर्न काढायचा कसा? आणि आत नातवाच्या बारशाचे सगळे फोटो!

बुधवार पेठेत, तपकीर गल्लीतल्या एका टपरीवजा दुकानातून टाइप-सी ओटीजी अडॅप्टर (फोनला माऊस, पेनड्राइव्ह जोडायचा छोटा जोड) आणला. भाव १५० सांगितला, १२०ला दिला. घरी येऊन कॉम्प्युटरचा माऊस त्यात खोचला आणि स्क्रीनवर चक्क छोटा बाण उमटला! डावं बटण दाबून धरत पॅटर्न ओढला, फोन उघडला. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, उंदरानं कुलूप काढलं की!"

मग पेनड्राइव्ह लावला, तर फोन ढिम्म. तो एनटीएफएसमध्ये होता (फाइल साठवायची विंडोजची पद्धत, माझ्या फोनला ती वाचता येईना). लॅपटॉपवर एफएटी३२ या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करून आणल्यावर लगेच दिसला. फोटो भराभर गेले, पण व्हिडिओ अडकला. ४ जीबीहून मोठी एक फाइल एफएटी३२ घेत नाही, मग एक्सफॅट या तिसऱ्या पद्धतीत फॉरमॅट केलं आणि सुटले. (काही फोन एक्सफॅटही ओळखत नाहीत, आधी लहान फाइल टाकून बघा.)

जुनी हार्ड डिस्क मात्र नुसती टिकटिक करत राहिली. फोनमधून मिळणारा करंट तिला पुरत नाही, वेगळ्या चार्जरचा हब (यूएसबीचा एक्स्टेन्शन बोर्डच म्हणा) लागतो. त्यात अडॅप्टरचा दोष नाही.

दोष आहे तो तोंडाशी: पिन आखूड. जाड कव्हर काढल्याशिवाय नीट बसत नाही, धक्का लागला की संपर्क तुटतो. त्याचा एक तारा कापला. पाचपैकी चार.