वाफेच्या दिवशीच जा : सॅन फ्रान्सिस्कोची ‘जेरेमाया ओब्रायन’

बे एरियात राहणाऱ्यांनी, किंवा मुलांकडे तिकडे गेलेल्या आईबाबांनी, एम्बार्कडेरो या समुद्रकाठच्या रस्त्यावरच्या पिअर ३५ (धक्का क्र. ३५) साठी अर्धा दिवस जरूर काढावा. तिथली ‘एसएस जेरेमाया ओब्रायन’ ही दुसऱ्या महायुद्धातली मालवाहू आगबोट स्वयंसेवकांनी नुसती रंगवून ठेवलेली नाही, ती आजही वाफेवर चालते. काही ठरावीक शनिवार-रविवारी बॉयलर पेटवून इंजिन फिरवतात. त्या तारखा आधी बघून मगच निघा. एरवीही बोट पाहता येते, पण तेव्हा इंजिन थंड असतं आणि निम्मी मजा तिथेच संपते.

बोट १९ जून १९४३ रोजी मेन राज्यातल्या साउथ पोर्टलंडमध्ये पाण्यात उतरली. युद्धासाठी एकाच साच्यात झटपट बांधलेल्या अशा मालवाहू बोटींना ‘लिबर्टी’ म्हणत. त्या २,७१० बांधल्या गेल्या, आणि त्यांपैकी मूळ इंजिनावर चालणाऱ्या आता दोनच उरल्या आहेत : ही आणि बाल्टिमोरची ‘जॉन डब्ल्यू. ब्राउन’. नॉर्मंडीच्या मोहिमेत ओब्रायनने इंग्लंड ते फ्रान्स अशा ११ फेऱ्या केल्या. युद्धानंतर ३३ वर्षं ती सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सुसून बे या खाडीत नांगरून पडली होती. स्वयंसेवकांनी जाडसर ग्रीसचे थर खरवडून काढले, बॉयलर पेटवला आणि १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये ती स्वतःच्या वाफेवर बाहेर आणली. मधल्या काळात कुणी तिच्यात फेरफार केले नव्हते, म्हणूनच हे जमलं.

खरा ऐवज आहे इंजिनरूममध्ये. सुमारे १३५ टनांचं ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन, म्हणजे तीच वाफ तीन टप्प्यांत वापरणारं. सिलिंडर तीन : २४½, ३७ आणि ७० इंच व्यासाचे, स्ट्रोक ४८ इंच. दर चौरस इंचाला साधारण २२० पौंड दाबाची वाफ आधी सर्वांत लहान सिलिंडरमध्ये शिरते. तिथून दाब उतरत आणि वाफ फुगत जाते, म्हणून पुढचा प्रत्येक पिस्टन मोठा. कमी दाबातूनही जवळपास तेवढंच काम निघावं, हा हिशेब. पूर्ण वेगात मिनिटाला ७६ फेरे. डोळ्यांनी मोजता येतील इतके संथ, आणि बाजू उघड्या असल्यामुळे क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा), क्रॉसहेड (पिस्टनचा दांडा सरळ रेषेत ठेवणारा सांधा), सगळं समोर हलताना दिसतं.

शक्य असेल तर इंजिन सुरू करायच्या आधीच खाली जाऊन उभे राहा. वाफ एकदम सोडत नाहीत. ड्रेन कॉक, म्हणजे साचलेलं पाणी काढायच्या तोट्या, उघडे ठेवून सिलिंडर हळूहळू तापवतात, कारण थंड लोखंडाला लागून वाफेचं पाणी होतं. पाणी काही दाबलं जात नाही. ते आत राहिलं आणि पिस्टन त्यावर आदळला, तर सिलिंडरचं झाकण फुटतं किंवा रॉड वाकतो. कॉकमधून पाण्याच्या फवाऱ्याऐवजी कोरडी वाफ येऊ लागली की मगच इंजिन फिरवतात. बॉयलरचंही तसंच : घाईने तापवला तर विटा तडकतात आणि नळ्यांचे जोड गळू लागतात.

मुंबईच्या बोटींवर ज्याला तेलवाला म्हणत, तो माणूस इथे अजून कामावर आहे. क्रँक खाली-वर होत असताना तो ठेक्यात हात घालतो, बेअरिंगला तळवा ओझरता लावतो आणि हात मागे घेतो. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर तेल वाढवायचं आणि वेग उतरवायचा. दुर्लक्ष झालं तर बेअरिंगच्या आतलं व्हाइट मेटल हे मऊ मिश्रधातूचं अस्तर वितळतं. एवढ्यासाठी तिथे थांबावं, असं हे दृश्य आहे.

कुणी सांगितल्याशिवाय लक्षात न येणारी एक गोष्ट : सिलिंडरमधलं तेल वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या भांड्यात जातं, आणि तेच पाणी पुन्हा बॉयलरला द्यायचं असतं. बॉयलरच्या नळीवर तेलाचा पापुद्रा बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. नळी लाल होते, फुगते आणि फुटते. म्हणून अशा आगबोटींच्या फीड फिल्टरमध्ये (बॉयलरला जाणारं पाणी गाळणाऱ्या गाळणीत) तेल शोषायला वाळलेल्या घोसाळ्याची जाळी भरत. हो, आपण अंग घासायला वापरतो तीच. आजचे स्वयंसेवक काय भरतात, हे त्यांना जरूर विचारा. असे प्रश्न त्यांना मनापासून आवडतात आणि उत्तरं नेमकी मिळतात. फलकांवर मात्र विसंबू नका.

मुंबईकरांसाठी आणखी एक धागा. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोट झालेली ‘फोर्ट स्टिकीन’ याच घराण्यातली बोट होती. दोन्हींचा मूळ ब्रिटिश आराखडा एकच, इंजिनही याच जातीचं. ‘फोर्ट स्टिकीन’ कोळशावरची, लिबर्टी खनिज तेलावरच्या. गोदीतल्या त्या बोटीचा आकार, तिची प्रचंड मोठी होल्डं (माल भरायची कोठारं) कल्पनेत आणायची तर इथल्या डेकवर उभं राहावं.

शिड्या खड्या आणि अरुंद आहेत. उतरताना तोंड शिडीकडे आणि दोन्ही हात कठड्यावर ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या डेकवरच थांबावं. साडी, ओढणी, चपला नकोत. खाली उकाडा असतो, म्हणून सुती कपडे आणि बंद बूट बरे. पार्किंग महाग पडतं, त्यापेक्षा एफ लाइनची ट्राम जवळ सोडते. इंजिनरूममध्ये घाईने तळाला जाऊ नका. आधी वरच्या जाळीवर थांबून सिलिंडरची टोकं बघा, मग एकेक मजला उतरत क्रँकपाशी या. वाफेचा मार्ग त्याच क्रमाने समजतो.