पुठ्ठ्याची जाळी करणारं मशीन: आठ महिन्यांचा अनुभव आणि एका पिनेची गोष्ट

जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून भांडी गुंडाळायची जाळी काढणाऱ्या या मशीनचे वॅट, तोंडाची रुंदी, स्पीड हे सगळं विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात आहे, ते परत लिहीत नाही. मी लिहायला बसले ती पिनांमुळे. खोक्याला मारलेल्या तारेच्या पिना. त्यांच्याबद्दल विकताना कोणी एक शब्द बोलत नाही.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीजवळ. या भागाला मातीकाम नवं नाही. कृष्णमूर्ती मिरमिरांनी १९५५ साली भद्रावतीत ग्रामोदय संघ उभा केला, तेव्हापासून इथली भांडी बाहेरगावी जातात. आमच्या घरी मामाजी चाकावर बसतात, पाठवणीचं मी बघते. सुरई, किटली, कप, दह्याचं गाडगं. यातली एकही वस्तू चौकोनी नाही. सुरईची मान बारीक आणि पोट मोठं, किटलीला एकीकडे तोटी, दुसरीकडे कान. मोडायचं तर आधी तोटीच मोडते.

पूर्वी मामाजी धानाच्या तणसात बांधायचे. तणस फुकट आणि गुणाचं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण पुण्याच्या एका गिऱ्हाइकाच्या पार्सलमधून किडे निघाले आणि पावसाळ्यात एकदा बुरशीचा वास आला. मग बबल रॅप आणला. तो दर महिन्याला विकत घ्यायचा आणि गिऱ्हाइकाने फेकून द्यायचा. थर्माकोल तर नकोच. त्यात जवळजवळ सगळी हवाच असते, त्यामुळे भंगारवाला हातही लावत नाही. कागदाची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी मिळते, ती चांगली आहे, पण रोल शहरातून मागवावा लागतो. जुनी खोकी मात्र गावातल्या किराणा दुकानाच्या मागे पडलेली असतात.

म्हणून मागच्या डिसेंबरात हे मशीन घेतलं. वापरलेलं, ३१ हजारांना. वजन गव्हाच्या कट्ट्याएवढं. खोकं फाडून सपाट करायचं, तोंडात सरकवायचं. आतल्या रोलरवरची पाती एकाआड एक चिरा पाडतात आणि पलीकडून ओढली की उघडणारी जाळी निघते. साधा पुठ्ठा एकाच दिशेने वाकतो. ही जाळी पोटावर ताणते, मानेशी आवळते, कानात बोटांनी कोंबता येते. पहिल्या दिवशी मामाजींनी सुरई गुंडाळून खोक्यात ठेवली, खोकं कानाशी धरून हलवलं आणि म्हणाले, "वाजत नाही." त्यांच्याकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं.

फेब्रुवारीत मशीन बंद पडलं. त्या रात्री मी रागात लिहून ठेवलेलं तसंच देते:

"एक तारा. घेऊ नका. साबणाच्या खोक्याची एक पिन आत गेली, पात्यांचे दात गेले. आता जाळी कापली जात नाही, नुसते वण उठतात. सर्व्हिसवाले म्हणतात पाती वॉरंटीत नाहीत, मशीन स्वतःच्या खर्चाने पुण्याला पाठवा. पन्नास किलोचं मशीन! आणि म्हणे पिन असलेला पुठ्ठा टाकायचाच नाही. मग टाकायचं काय? माझ्यासमोर किराणाची जी खोकी पडतात, त्यातल्या निम्म्यांना पिना आहेत."

यातला राग अजून तसाच आहे. एक तारा मात्र मागे घेते, त्याचं कारण पुढे येतं.

पुण्याला मशीन पाठवलं नाही. हिंगणघाटला जिनिंगमध्ये काम करणारे एक ओळखीचे फिटर आले, रोलर उतरवला, दोन पाती घासून धार लावली, एक जुन्या करवतीच्या पट्टीतून नवं केलं. मजुरी ६५० रुपये आणि जेवण. त्यांनीच विचारलं, "पिना हातानं शोधता काय? चुंबक लावा ना." घरात बंद पडलेला स्पीकर होता, त्याचं चुंबक काढलं. आता प्रत्येक पुठ्ठा टेबलावर पसरून दोन्ही बाजूंनी चुंबक फिरवते. पिन असली की ते चिकटतं. मग पेचकसाने पिन उचकायची आणि डब्यात टाकायची. तो डबा आता दोन किलोचा भरलाय. एवढं लोखंड पात्यांतून गेलं असतं!

एका खोक्यामागे यात दीड-दोन मिनिटं जातात. वीस पार्सलं असली की सकाळ पिनांतच संपते, आणि हा वेळ कंपनी कुठे धरत नाही. मशीनच्या तोंडाशी एक चुंबकाची पट्टी बसवली असती, तर मला हे लिहावंच लागलं नसतं. मी सर्व्हिसला तसं लिहून पाठवलं. "सूचना नोंदवली" एवढं उत्तर आलं.

आता जे चांगलं आहे ते. आठ महिन्यांत दोनशेच्या वर पार्सलं गेली, फुटल्याची तक्रार सातांची. बबल रॅपमध्ये याच्या दुपटीहून जास्त यायच्या. मी स्वतः पाडून बघते. इस्टा (ISTA) ही पार्सलच्या चाचण्या ठरवणारी संस्था, तिच्या पद्धतीत हलक्या, दहा किलोच्या आतल्या पार्सलला साधारण ७६ सेंटीमीटरवरून पाडतात. मी तेवढ्याच उंचीवरून, कोपऱ्यावर, कडेवर, सपाट पाडते. सुरई टिकते. किटलीची तोटी मात्र एका थरात दोनदा गेली, म्हणून तोटीला जाळीची वेगळी गुंडाळी करून मग सगळ्यावरून दुसरा थर देते.

पुठ्ठा सरकवायची दिशा बघा. आतल्या लाटांच्या नळ्या मशीनच्या तोंडाला आडव्या राहिल्या की माझ्याकडे जाळी मऊ निघते, उभ्या राहिल्या की ताठ. भांड्याला मऊ, खोक्याच्या तळाला ताठ. हे माहितीपत्रकात नाही.

ऋतूचंही तसंच. मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, पुठ्ठा इतका सुकतो की जाळी ओढताना तडतड तुटते. मग मी पुठ्ठे रात्रभर कूलरच्या खोलीत ठेवायला लागले, तुटणं थांबलं. जुलैत उलटं झालं. दमट पुठ्ठ्याच्या जाळीत उसळीच राहत नाही, दाबली की दबून बसते. पावसाळ्यात एक थर जास्त लागतो. पुठ्ठे भिंतीला टेकवून ठेवले तर उधई लागते, (म्हणजे वाळवी), म्हणून माच्यावर.

वजन वाढतं, हे खरं. जाळी बबल रॅपहून जड आहे. पण कुरिअरवाले बहुतेक वेळा आकारावर पैसे घेतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं म्हणजे ७.२ किलो, खरं वजन त्याहून कमी असलं तरी. माझ्या भांड्यांचं खरं वजन त्याहून कमीच भरतं, त्यामुळे जाळीच्या वजनाचा वेगळा भुर्दंड पडला नाही. आधी मी यावरच घाबरले होते.

कृषी केंद्राची खोकी फुकट मिळतात, जाड आणि मजबूत असतात, तरी मी घेत नाही. त्यात फवारणीच्या औषधाच्या बाटल्या असतात. कपाला माणसं ओठ लावतात. नणंदेचा यावर वाद झाला, तरी नाही म्हणजे नाही.

ज्यासाठी एवढं केलं, तिथे मीच एक चूक करत होते. जाळी पुठ्ठ्याची, खोकं पुठ्ठ्याचं, आणि वरून तपकिरी प्लास्टिकची टेप चार वेढे. नागपूरच्या एका ताईंनी फोटो पाठवून विचारलं, "रद्दीवाला टेप काढून द्या म्हणतो, काय करू?" तेव्हापासून पाण्याने चिकटणारी कागदी टेप वापरते. आता पूर्ण पार्सल एकाच ढिगात टाकता येतं. कागदाचा धागा दर वेळी लगद्यात जाताना आखूड होतो हे खरं, पण माझ्याकडे येतो तो एकदा वापरून झालेलाच, आणि मी त्याला मध्ये एक फेरी जास्त देते.

आज माझे पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा पात्यांसाठी कापला, एक पूर्ण तारा त्या पिनेसाठी. जुनं मशीन बघायला गेलात तर आधी पातं खोलून दाखवायला सांगा, सुट्या पात्याचा भाव लिहून घ्या, आणि चुंबक सोबत न्या. मी सुट्या पात्यांची मागणी मार्चमध्ये दिली आहे. अजून आलेली नाहीत. करवतीच्या पट्टीचं पातं चालू आहे.