एअर रायफलच्या लाकडी दस्त्याला अरलडाईट स्टँडर्ड

आमच्या जुन्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलचा दस्ता ट्रिगरच्या मागे, जिथे तो सगळ्यात बारीक असतो, तिथेच लांब चिरला होता. अरलडाईट स्टँडर्ड लावलं, तेच ते रेझिन आणि हार्डनरच्या दोन ट्यूब मिसळून लावायचं इपॉक्सी गोंद. जोड एकदम पक्का बसलाय, आणि दस्त्यासाठी पाच मिनिटवालं (लवकर घट्ट होणारं इपॉक्सी) घेऊ नका हे मी अगदी ठामपणे सांगेन.

कारण स्प्रिंग गनचा झटका आधी मागे बसतो आणि पिस्टन पुढे जाऊन थांबला की परत पुढे, त्यामुळे जोडाला दोन्हीकडून ताण येतो. सुपरग्लू कडक होतो पण ठिसूळ, तो इथे उपयोगाचा नाही. फेविकॉल नव्या कोरड्या लाकडाला छानच, पण जुन्या दस्त्यात तेल मुरलेलं असतं तिथे धरत नाही. आणि पाच मिनिटवालं चिरेत खोल उतरायच्या आतच घट्ट व्हायला लागतं. स्टँडर्डमध्ये निवांत वेळ मिळतो, हेअर ड्रायरने दस्ता किंचित कोमट केला की ते पातळ होऊन मस्त आत ओढलं जातं.

खरं काम मात्र आधीचं आहे. बॅरल, ट्रिगर सगळं सोडवून बाजूला ठेवा, चीर अ‍ॅसिटोनने पुसा, फडक्यावर तेलाचा पिवळा डाग यायचा थांबेपर्यंत पुसत राहा आणि नीट वाळू द्या (जवळपास गॅस, काडीपेटी काही नको). दोन्ही ट्यूबमधून सारखंच घ्या, लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त टाकलं तर उलट जोड कच्चा राहतो. मग वर प्लास्टिक आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, गोल भागावर शिकंजा नीट बसत नाही म्हणून ट्यूबच बरी, पण फार आवळू नका, सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि आत काही उरत नाही. पूर्ण एक दिवस हात लावू नका, थंडीत अजून जास्त.

एकच नावडलं, ते म्हणजे सुकल्यावर त्यावर पॉलिशचा रंग चढत नाही, फिकट रेघ दिसत राहते. त्याच लाकडाचा बारीक भुसा मिसळला तर रेघ बरीच लपते, आणि बाहेर आलेलं ओलं असतानाच पुसून टाका.

ग्लोव्हज घालाच, हार्डनरने कातडीला अ‍ॅलर्जी होऊ शकते. बारा बोरच्या खऱ्या बंदुकीचा दस्ता असेल तर घरी प्रयोग नको, लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच द्या.