शिकारीचे पैसे: पोस्टाच्या आरडीची माझी पाच वर्षं

आमच्या घरात या खात्याचं नाव 'शिकारीचं खातं'. पासबुकावर तसं काही नाही, तिथं आवर्ती ठेव, दरमहा ५०० रुपये, मुदत ६० महिने एवढंच आहे. सप्टेंबर २०२० ला उघडलं, सप्टेंबर २०२५ ला मुदत भरली आणि डिसेंबरात त्या पैशातून आम्ही पाच जण ताडोबा बघून आलो. दुकानात बसणारे बरेच जण विचारतात, पोस्टाची आरडी करावी का. दरवेळी अर्धं सांगून होतं तोवर गिऱ्हाईक येतं, म्हणून एकदा पूर्ण लिहितो.

शिकार हा शब्द आज्जाचा. आज्जा किनवटच्या जंगलात हाक्याला जायचा. निजामाचं राज्य होतं, किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं. नांदेड जिल्ह्यात आलं ते १९५६ ला. मोठी माणसं मचाणावर बंदूक घेऊन बसायची आणि गावोगावची माणसं डबे-डफडी बडवत, आरडाओरडा करत सागवानातून रान हाकत यायची. मजुरी हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात. आज्जा म्हणायचा, "वाघ आमच्याच म्होरं पळायचा, पण दिसायचा मचाणावरल्याला. आमाला नुसतं गवत हाललेलं दिसायचं." जित्या वाघाचं तोंड त्यानं जन्मात बघितलं नाही. बघितला तो मेलेला, बांबूला पाय बांधून गावात आणलेला.

बाबांनी ही गोष्ट मला लहानपणापासून सांगितली आणि माझ्या लेकरांनाही सांगितली. सांगून झालं की गप्प बसायचे. १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली. ते योग्यच झालं, नाहीतर आज बघायलाही वाघ उरला नसता. पण बाबांना एकदा मचाणावरल्या माणसासारखं निवांत बसवून जिता वाघ दाखवायचा, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. प्रश्न पैशाचा होता.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, हदगाव तालुक्यात. आमच्या धंद्यात पैसा येतो तो रब्बीत. हरभरा, गहू, हळद, पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या, विजेचा दाब कमी-जास्त झाला की मोटारी जळतात. नोव्हेंबर ते एप्रिल मान वर करायला सवड नसते. जून लागला की विहिरीवरच्या मोटारी बंद आणि माझं दुकानही जवळजवळ बंद. त्यात जूनमध्येच पेरणी, लेकरांच्या शाळा, वह्या-पुस्तकं. चार महिने साठवलेलं पाचव्या महिन्यात कुठं जातं ते कळत नाही.

आरडीच्या आधी मी तीन गोष्टी करून बघितल्या. घरात डब्यात पैसे ठेवले. डबा दर दोन महिन्यांनी रिकामा, आणि प्रत्येक वेळी कारण खरंच असायचं. मग बाजारातल्या दुकानदारांची भिशी लावली. भिशी वाईट नाही, पण माझा नंबर लागला जुलैमध्ये आणि आलेले बारा हजार सरळ तांब्याच्या तारेच्या उधारीत गेले. तिसरी पतसंस्था. व्याज जास्त होतं, कारकून ओळखीचा होता, चहा पाजायचा. एके दिवशी शटर खाली. माझे नऊ हजार होते, शेजारच्या म्हातारीचे दीड लाख होते. ती अजून दर सोमवारी तिथं जाऊन बसते. त्यानंतर मी ठरवलं, व्याज दोन पैसे कमी मिळालं तरी चालेल, पण रात्री झोप लागली पाहिजे.

पोस्टाची आरडी १०० रुपयांपासून उघडता येते, पुढं दहाच्या पटीत कितीही. मुदत पाच वर्षं. मी खातं उघडलं तेव्हा दर ५.८ टक्के होता. ऑक्टोबर २०२३ ला तो ६.७ झाला, पण जुन्या खात्याला त्याचा उपयोग नाही, कारण उघडताना जो दर असेल तोच शेवटपर्यंत राहतो. मधल्या काळात दर वाढत गेले आणि माझं खातं ५.८ वरच थांबलं, याचं वाईट वाटलं. उलटही होऊ शकलं असतं हे मान्य. हिशेब असा: ५०० प्रमाणे ६० महिने म्हणजे ३० हजार भरले, हातात ३४ हजार ८४८ आले. पाच वर्षांत पावणेपाच हजारांच्या वर थोडं व्याज. श्रीमंत व्हायचं असेल तर हे खातं नाही.

पण माझ्यासारख्याला लागणारी एक सोय यात आहे आणि ती फार कुणाला माहीत नसते. सहा हप्ते एकदम आगाऊ भरले तर १०० रुपयांच्या हप्त्यामागं १० रुपये सूट मिळते, बारा भरले तर ४० रुपये. माझ्या ५०० च्या हप्त्याला सहा महिन्यांमागं ५० रुपये. पन्नास रुपयांचं अप्रूप नाही. अप्रूप याचं की एप्रिलमध्ये, हातात रब्बीचा पैसा असताना, मी एप्रिल ते सप्टेंबरचे हप्ते भरून मोकळा होत होतो. २,९५० रुपये दिले की पावसाळाभर त्या खात्याकडं बघायचंच नाही. शेतीच्या हंगामावर ज्यांचं पोट आहे, मग तो शेतकरी असो, ट्रॅक्टरवाला असो की आमच्यासारखा कारागीर, त्यांनी दरमहा भरायची आरडी जमणार नाही म्हणून सोडून देऊ नये. ती अशी भरता येते. मला हे पहिल्याच वर्षी एजंट ताईंनी सांगितलं.

या ताईंबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेखाली नेमलेल्या या बायका घरोघरी, दुकानोदुकानी जाऊन हप्ता घेतात, कार्डावर नोंद करून सही करतात आणि पोस्टात भरतात. त्यांचं कमिशन सरकार देतं, आपल्या हप्त्यातून काही कापलं जात नाही. माझ्या दुकानात ताई दहा तारखेच्या आसपास यायच्या. माझं खातं महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेलं, त्यामुळं हप्ता १५ तारखेच्या आत लागायचा. हात व्हार्निशनं भरलेले असले की म्हणायच्या, "दादा, गल्ल्यातून मीच घेऊ का?" आणि माझ्यासमोर मोजून घ्यायच्या. डब्यात पैसे टाकायला कुणी आठवण करत नाही. त्या यायच्या, म्हणून पैसे साठले. एक मात्र सांगतो: कार्डावरची सही आणि पासबुकातली नोंद दर तीन-चार महिन्यांनी स्वतः ताडून बघा. आमच्या ताईंचा कधी एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही, तरी मी बघायचो आणि त्यांनाच ते आवडायचं.

हप्ता चुकला तर १०० रुपयांमागं महिन्याला एक रुपया दंड, म्हणजे मला पाच रुपये. दोनदा भरला. लागोपाठ चार हप्ते चुकले की मात्र खातं बंद पडतं आणि दोन महिन्यांत बाकी भरून ते पुन्हा चालू करून घ्यावं लागतं.

मे २०२२ मध्ये माझी परीक्षा झाली. तांब्याचा भाव चढला होता, तार भरून ठेवायची होती आणि हातात पैसे नव्हते. खात्यात दहा हजारांच्या वर होते. मी मोडायला निघालो. तेव्हा कळलं की तीन वर्षांच्या आत हे खातं मोडताच येत नाही, आणि नंतर मोडलं तरी व्याज साध्या बचत खात्याच्या दरानं, म्हणजे चार टक्क्यांनी मिळतं. त्या दिवशी मी फार चिडलो. आज वाटतं, ही अट नसती तर ताडोबा तिथंच संपला होता. मोडता येत नाही, पण एक वर्ष आणि बारा हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याजानं. मी पाच हजार उचलले, ७.८ टक्क्यांनी. सावकार महिन्याला शेकडा तीन घेतो, तिथं हे काहीच नाही. हळदीला पाणी सुरू झालं आणि फेब्रुवारीपर्यंत फेडून टाकले.

मुदत भरली तो महिना आमच्या भागात कुणीच विसरणार नाही. २०२५ च्या पावसानं मराठवाडा बुडवला. धाकट्या भावाचं चार एकर सोयाबीन शेंगांत दाणा भरलेला असताना पाण्याखाली गेलं, वास येत होता वावरात. त्याच आठवड्यात माझ्या खात्यात ३४ हजार ८४८ जमा झाले. शिकारीचं नाव काढायचीही लाज वाटली. दहा हजार भावाला दिले, परत मागायचे नाहीत असं बायकोनं आणि मी आधीच ठरवलं. बाबा म्हणाले, "जाऊ दे रे, वाघ कुठं पळून जाऊलालाय का." पण पूर ओसरल्यावर नदीकाठच्या बुडालेल्या मोटारी ट्रॉलीनं माझ्या दुकानात आल्या. स्टेटरमध्ये गाळ, बेअरिंग गंजलेलं. लोकांचं नुकसान माझी मजुरी झाली, म्हणून बऱ्याच जणांकडून नुसते तारेचे पैसे घेतले. तरीही दिवाळीपर्यंत ते दहा हजार भरून निघाले.

ताडोब्याचा खर्च, कुणाला जायचं असेल त्यांच्यासाठी: जिप्सीत सहा माणसं बसतात, गाईड वेगळा आणि सक्तीचा. शनिवार-रविवारी दर जास्त, म्हणून आम्ही बुधवार-गुरुवार धरला. मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला राखीव भाग, बंद असतो. कोअरपेक्षा बफर, म्हणजे त्याच्या बाहेरचा पट्टा, स्वस्त, म्हणून मोहर्लीहून एक फेरी कोअरची आणि दुसरी आगरझरी बफरची. बुकिंग ऑनलाइन, ज्याच्या नावानं आहे त्याचं मूळ ओळखपत्र सोबत लागतं. कोअरमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर बंद. मित्राची बोलेरो डिझेलवर मिळाली. दोन रात्रींच्या दोन खोल्या, दोन फेऱ्या, डिझेल, जेवण धरून ३१ हजारांच्या आत बसलं. राहायला होतो तिथं गरम पाण्याच्या बादलीचे वेगळे पैसे लावले, ते आधी विचारून घ्यायला हवं होतं.

सकाळच्या फेरीत वाघ नाही. रानगवे दिसले, चितळ तर किती. थंडीनं बाबांचे ओठ निळे पडले होते, पण ते सागाकडं बघून म्हणत होते, हे किनवटासारखंच आहे. ताडोबा तलावाकाठी गाईडनं तारूची गोष्ट सांगितली. वाघाशी झुंजताना मेलेला गावचा प्रमुख, त्याचा गोंड लोकांनी देव केला आणि त्याच्यावरून जंगलाला नाव पडलं. बाबांनी जिप्सीतूनच हात जोडले.

दुपारी आगरझरीला, साडेचारच्या सुमाराला, चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, आला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. बांबूचं बेट हललं. आज्जाला दिसायचं तेवढंच. मग बेटातून वाघीण बाहेर आली, रस्त्यावर उभी राहिली आणि आमच्याकडं तोंड करून बघितलं. पंधरा-वीस पावलांवर. पोरगी माझ्या दंडाला घट्ट धरून होती. बाबा उभे राहायला लागले, गाईडनं हळूच खांद्यावर हात ठेवून बसवलं. वाघीण पलीकडच्या गवतात गेली.

रात्री जेवताना बाबा एवढंच बोलले, "डोळे पिवळे असतात. आज्जाला म्हाईत नव्हतं."

मुदत भरलेलं खातं अर्ज देऊन आणखी पाच वर्षं वाढवता येतं, पण मग जुनाच दर राहतो. म्हणून मी ते वाढवलं नाही, नवं उघडलं, ६.७ नं, ७०० रुपयांचं. जानेवारीतला हप्ता ताईंनी दुकानातून नेला. भावालाही शंभराचं एक उघडून दिलंय, पहिले सहा हप्ते मीच भरलेत.